मॅडम, आधी जागा बघायला आलात त्याबद्दल थँक्यू

मॅडम, नमस्कार. तुमची बदली झाल्याचं फार उशिरा कळलं, पालिकेच्या ऑफिसात विचारलं तर नवीन नंबर कुणाकडे नव्हता, म्हणून हे असं सगळ्यांसमोर लिहितेय, कधीतरी तुमच्यापर्यंत पोचेलच. तो पायी-सायकलच्या वाटेचा ट्रेल सुरू झाला. आमच्या जमिनीतला तुकडा पण पूर्ण झाला आणि बाबा रोज सकाळी त्यावरून चालतात, त्यासाठी जमीन जाणार अशी पहिली नोटीस आल्यावर दोन दिवस धड जेवले नव्हते ना, तेच बाबा.

त्या नोटिशीसोबत नकाशा होता आणि त्यावर लाल रेघ आमच्या जमिनीतून तिरकी गेलेली. म्हणजे पट्टा जाणार तो जाणारच, पण पलीकडे जो त्रिकोणी तुकडा उरणार त्याचं करायचं काय, तिथे ना काही पिकणार ना काही बांधता येणार, आणि मोबदला मात्र फक्त पट्ट्याचा. मी चिडून वकील शोधायला लागले होते. ट्रेलला विरोध नव्हताच आमचा. दोन्हीकडचे भाग तयार होऊन पडले होते, मधे आमची जमीन, त्यामुळे चालणाऱ्यांना, सायकलवरच्या पोरांना तेवढ्यापुरतं मेन रोडवर उतरून गाड्यांमधून जावं लागायचं, हे आम्हाला घरातून दिसायचं. राग होता तो न विचारता रेघ मारल्याचा.

मग तुम्ही आलात. फाईल गाडीतच ठेवलीत आणि म्हणालात, काका, आधी जागा दाखवा. दोन तास बाबांबरोबर बांधाबांधाने फिरलात, विहीर कुठे, पावसाचं पाणी कुठून वाहतं, आजोबांनी लावलेली झाडं कुठली, मागच्या खोलीच्या खिडकीतून काय दिसतं, सगळं पेन्सिलने त्याच नकाशावर लिहून घेतलंत. बाबांनी विचारलं, उद्या कुणी घसरून पडलं तर केस माझ्यावर का? तुम्ही वेळ मारून नेली नाहीत, लेखी उत्तर आणून देते म्हणालात आणि खरंच आणलंत, देखभाल आणि जबाबदारी पालिकेची असं करारात घातलंत.

तो परवानगीचा विषय तर मी कधीच विसरणार नाही. घरामागे दोन खोल्या वाढवायचा अर्ज टाकला होता, तेव्हा काउंटरवर एकजण म्हणाला की पट्टा फुकट सोडा, परवानगी लगेच मिळेल. तुम्हाला सांगितल्यावर तुम्ही तिथल्या तिथे म्हणालात की ही दोन कामं वेगळी आहेत, जमिनीचे पैसे मिळालेच पाहिजेत. नंतर मी वाचत बसले तेव्हा कळलं की अमेरिकेत ओरेगॉनमधल्या टिगार्ड शहरात अगदी असंच झालेलं, एका बाईंना प्लंबिंगच्या सामानाचं दुकान वाढवायचं होतं आणि शहराने अट घातली की ओढ्याकाठची जागा आणि पायी-सायकलच्या वाटेसाठी पट्टा द्या. सुप्रीम कोर्टाने 1994 मध्ये 5 विरुद्ध 4 मतांनी शहराविरुद्ध निकाल दिला, म्हणाले की तुम्ही जे मागताय ते दुकान वाढल्याने पडणाऱ्या भाराच्या साधारण प्रमाणात आहे हे शहराने दाखवावं. त्या बाईंना सुप्रीम कोर्टापर्यंत जावं लागलं. आम्हाला फक्त तुम्हाला सांगावं लागलं.

आणि मोबदल्याचं. पहिल्या आकड्यावर सही करू नका, तुमचा स्वतःचा व्हॅल्युअर, म्हणजे जमिनीची किंमत काढणारा, लावा, हे पालिकेच्याच माणसाने आम्हाला सांगावं! उरलेल्या जमिनीची किंमत घटते त्याचं पण नुकसान मागता येतं हे आम्हाला माहीतच नव्हतं. शिवाय जमीन कायमची विकायची की मालकी ठेवून फक्त वहिवाटीचा हक्क द्यायचा, दोन्ही कागद समोर ठेवून समजावलंत. इंग्लंडमध्ये 2009 च्या कायद्याने समुद्रकिनाऱ्याची लांब वाट होतेय, तिथेही जमीन मालकाचीच राहते आणि लोकांना फक्त चालायचा हक्क मिळतो, हे ऐकल्यावर बाबांचा चेहरा पहिल्यांदा सैल पडला. वडिलांची जमीन विकली हे त्यांना आयुष्यभर टोचलं असतं. आम्ही वहिवाट दिली, रेघ बांधाच्या कडेने सरकली, विहीर आणि झाडं वाचली, तो त्रिकोण उरलाच नाही.

वळसा वाढतो म्हणून तुमच्या ऑफिसात मीटिंगला तुम्हाला बरंच ऐकावं लागलं हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं, तुम्ही अवाक्षर बोलला नाहीत. त्यासाठी वेगळं थँक्यू, मनापासून.

तुमच्या पेन्सिलच्या खुणांचा तो नकाशा तुम्ही बाबांकडेच ठेवला होतात ना, तो त्यांनी कपाटात खरेदीखताच्या पिशवीत ठेवलाय. वळणावर कुणी थांबून झाडाकडे बघत असलं की बाबा त्याला सांगतात, ही वाट इथून सरळ जाणार होती, एक मॅडम आल्या होत्या. एकदा या, तुम्हाला तो तुकडा चालून दाखवायचाय त्यांना.