वहाणा हातात घेऊन

छत्रपती संभाजीनगर,
रविवार, रात्री

गड्या,

दिवाळीत तुझा फोन येऊन गेला आणि मी उलटा केला नाही. त्याचा राग भेटल्यावर काढ. तब्येती बऱ्या आहेत, आईचा गुडघा आहे तसाच. काल मंडईत जे झालं ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं कळेना, म्हणून लिहायला बसलो.

चिमणी माझ्या कडेवर होती. मेथीच्या ढिगापाशी एक म्हातारबा पाठमोरे उभे, पांढरी टोपी, धोतर. ही "बा! बा!" करत अशी उसळली की खाली सोडावंच लागलं. दुडुदुडु गेली आणि धोतर धरलं. ते वळले, हसले, उचलूनही घेतलं बिचाऱ्यांनी. हिनं तोंड बघितलं आणि जो टाहो फोडला तो घरी येईस्तोवर थांबला नाही.

बापू आणि आई तीन आठवडे राहून गेले. पहिले दोन दिवस ती बापूंच्या मिशांना भिऊन तुझ्या वहिनीला चिकटून होती. तिसऱ्या दिवशी त्यांनी चंचीतनं अडकित्ता काढला, सुपारी कातरली, कट्ट! मग काय, दिवसभर त्यांच्या मागं "कट्ट, कट्ट". दुधात चुरलेली भाकरी त्यांच्याच ताटात, त्यांच्याच हातानं; आमच्या हातचा मऊभात बंद. आई परातीपाशी बसली की हिलाही पिठाचा गोळा लागायचा. इथं नळाला किती दिवसांनी पाणी येतं तुला माहीत आहे. ते आलं की बापू ओरडायचे, "पानी आलं गं माय!" आणि ही घरभर नाचायची. आता नळ सुटला की ती नळाकडं नाही, दाराकडं बघते.

मग हरभऱ्याला पाणी द्यायची वेळ आली. लाईट रात्रीची, गडी मिळेना, बापू थांबेनात. पहाटेची एसटी. आई म्हणाली, "लेकरू झोपलंय, उठवू नका, रडंल." मीही हो म्हणालो. बापूंनी वहाणा हातात घेतल्या आणि अनवाणी जिना उतरले, आवाज नको म्हणून. स्टँडवर आई खुशीत होती. बापूंना पंच्याहत्तरीमुळं फुकट, तिला बाई म्हणून अर्धं तिकीट, "आता काय, महिन्याला येऊ."

आणि परवा बापू फोनवर म्हणाले, "म्या न्हाई येत बाबा आता. लेकराला जीव लावायचा आन् चोरावानी निघून यायचं, ह्ये पाप नको."

व्हिडिओ कॉल लावला तर चिमणी फोन पालथा घालते. आई तिकडून हाका मारत राहते.

तुझी आज्जी आठवली रे. लातूरला वसतिगृहावर शेंगाची चटणी घेऊन यायची आणि तू हौदावर गेलास की निघून जायची. "जिलेबी आणायला गेली" असं तुला सांगायचं काम माझं, तिनंच लावून दिलेलं. आठवीत त्यावरनं आपली जुंपली, तू माझी कंपासपेटी विहिरीत टाकलीस (ती अजून येणं आहे). तेव्हा म्हणालास, "रडलो असतो की. पण गेली हे तरी कळलं असतं. मी फाटकापाशी उभा राहायचो ना." महिनाभर आपण बोललो नव्हतो. तुझं भलंच केलं असं मी इतकी वर्षं धरून होतो. त्या पहाटे मी पुन्हा तेच केलं, पोटच्या पोरीला.

लेकरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, या वयात माणूस नजरेआड गेलं तरी कुठंतरी आहे एवढं कळतं, पण कधी येणार हे कळत नाही, म्हणून शोधतं. गुपचूप निघू नका, सांगून, हात हलवून, थोडक्यात निघा, रडलं तरी. तुला हे तेराव्या वर्षी ठाऊक होतं.

ती विसरेल याची मला फार भीती नाही, विसरायचंच वय आहे. बापूंनी अंग काढून घेतलं तर? सत्त्याहत्तर झाली त्यांना. एकदा नाही म्हणाले की नाही, तुला सांगायला नको.

तुझी नांदेडची बदली रद्द झाली का? घराचा स्लॅब टाकून झाला म्हणे, छान झालं. पोराला म्हणावं दहावीचं टेन्शन घेऊ नको.

येळवशीला, वेळ अमावस्येच्या सणाला, आम्ही गावी येतोय. रानातली कडब्याची कोप, भज्जी, उंडे, सगळं चिमणीला पहिल्यांदाच. परत निघताना तिला जागी ठेवायची, बापूंनी कडेवर घेऊन गाडीपर्यंत यायचं, तिला सांगायचं, "जा, मी येतो." बापू ऐकत नाहीत. तुम्ही निघालात की मी रानात जाईन, म्हणतात. माझं बोलणं ते कानावर घेत नाहीत, तुझं घेतात. फाटकापाशी उभं राहणं काय असतं ते तू सांग त्यांना. आज्जीचं नाव काढलंस तरी चालेल, त्यांना तिची कदर होती.

आदल्या रात्रीच ये. आंबील मात्र माझ्या वाटणीची ठेव.

तुझाच