साथीदारांची नावे पत्रिकेवर हवीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बेळगाव, खानापूर, निपाणी परिसरात गणेशोत्सवापासून दिवाळी पहाटेपर्यंत नाट्यगीतांचे आणि अभंगांचे कार्यक्रम सतत होत असतात. त्यांच्या निमंत्रणपत्रिकांवर गायकाचे नाव ठळक असते, प्रमुख पाहुण्यांची नावे हुद्द्यांसह असतात. पेटी व तबला वाजवणाऱ्यांची मात्र पुष्कळदा 'साथसंगत : स्थानिक कलाकार' एवढ्यावर बोळवण होते. या प्रथेविषयी लिहिताना एका इंग्रजी गाण्याचा दाखला द्यावासा वाटतो.

'प्रोकॉल हॅरम' या ब्रिटिश रॉक बँडचे 'अ व्हायटर शेड ऑफ पेल' हे गाणे मे १९६७ मध्ये आले आणि तिकडच्या लोकप्रियतेच्या यादीत सहा आठवडे अग्रस्थानी राहिले. रचनाकार म्हणून नावे लागली ती गीतकार कीथ रीड आणि गायक गॅरी ब्रुकर यांची. या गीताच्या शब्दांचा अर्थ लावताना जाणकारही अडखळतात. परंतु आरंभी येणारी आणि पुढे कडव्यांच्या मधून परतणारी, जर्मन संगीतकार बाख यांच्या संगीताची आठवण करून देणारी ऑर्गनची सुरावट ऐकणाऱ्याच्या मनातून जात नाही. ती बँडचे ऑर्गनवादक मॅथ्यू फिशर यांची. २००५ मध्ये ते न्यायालयात गेले. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांना सहरचनाकार ठरवून संगीताच्या स्वामित्वहक्कात ४० टक्के वाटा दिला. २००८ मध्ये अपील न्यायालयाने सहरचनाकार हे स्थान कायम ठेवले, पण दाव्याला ३८ वर्षे उशीर झाल्याचे कारण देऊन उत्पन्नातील वाटा नाकारला. आणि अखेर ३० जुलै २००९ रोजी हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, तो एकमताने परत मिळवून दिला.

प्रत्येक साथीदार रचनाकार ठरतो असे माझे म्हणणे नाही. गायकाची जागा सुरावर झेलणे वेगळे आणि स्वतंत्र सुरावट बांधणे वेगळे. पण ज्याच्या वादनावाचून मैफल उभी राहत नाही, त्याचे नाव तरी श्रोत्यांना कळले पाहिजे. संगीत नाटकाचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. 'मानापमान'च्या पदांना चाली देणारे गोविंदराव टेंबे मुळात पेटीवादक होते. कागवाडला जन्मलेल्या पं. रामभाऊ विजापुरे यांनी तर संवादिनीवादन आणि अध्यापन यांमुळे बेळगावचे नाव दूरवर नेले. त्यांच्या गावी पेटीवाला निनावी राहावा, हे मला अतिशय खटकते.

कायदाही या बाबतीत कलाकाराच्या बाजूने आहे. आपल्या स्वामित्वहक्क कायद्यात २०१२ मध्ये झालेल्या दुरुस्तीने, आपल्या सादरीकरणाचा कलाकार म्हणून आपली ओळख दिली जावी असा हक्क सादरकर्त्याला मिळाला आहे, आणि या कायद्याच्या व्याख्येत गायकाप्रमाणे वादकही येतो. आता कार्यक्रमांची चित्रफीत लगेच यूट्यूबवर जाते आणि तेथेही केवळ गायकाचेच नाव दिसते, तेव्हा या तरतुदीची आठवण आयोजकांना करून देणे आवश्यक वाटते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. वाचनालये, भजनी मंडळे आणि उत्सव मंडळे यांनी पत्रिका छापायला देण्यापूर्वी साथीदार निश्चित करून त्यांची पूर्ण नावे वाद्यांसह द्यावीत, तसेच चित्रफितीखालीही ती लिहावीत. आणि आपल्या दैनिकाने कार्यक्रमाचे वृत्त देताना जागेअभावी काही गाळावेच लागले, तर पाहुण्यांच्या सत्काराचा तपशील गाळावा; पेटी-तबल्याची नावे ठेवावीत.

आपला,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)