जकार्तातील आमच्या शेजारच्या इबूंना (‘इबू’ म्हणजे आई): इंडोनेशियाचे कथाकार-चित्रकार सुयादी यांची ओळख करून दिल्याबद्दल

आदरणीय इबू यांस,
सादर नमस्कार.

आपल्याला मराठी येत नाही हे ठाऊक असूनही हे पत्र मराठीत लिहीत आहे, कारण आपण आमच्यासाठी काय केलेत ते आमच्या माणसांना कळावे अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. रविवारी फोनवर मी ते आपल्याला आपल्या भाषेत सांगेन. चुकेल तिथे नेहमीप्रमाणे थांबवून दुरुस्त करावे.

आम्ही जकार्तात राहायला आलो तेव्हा माझी मुलगी सहा वर्षांची होती. नव्या शाळेत तिला कोणाचे बोलणे समजत नसे आणि हळूहळू ती घरीही गप्प राहू लागली होती. एका दुपारी पावसाने आम्हा दोघींना आपल्या ओसरीवर अडवले. आपण तळलेल्या केळ्यांची बशी पुढे केलीत आणि आतून एक जुने, पाठीला चिकटपट्टी लावलेले पुस्तक आणलेत. ते उघडण्याआधी मुखपृष्ठावरच्या नावाखाली बोट ठेवून आपण तिच्याकडून ते तीनदा म्हणवून घेतलेत: सु-या-दी. मग गोष्ट सुरू झाली. टोप्या विकणारा माणूस झोपतो आणि माकडे त्याच्या टोप्या पळवतात. दोन-तीन पाने उलटली असतील नसतील, तोच कित्येक दिवसांनी माझी मुलगी मोठ्याने बोलली, "आई, ही तर आपली टोपीवाल्याची गोष्ट!" खरोखरच ती आपलीच होती; फक्त चित्रांतल्या टोप्या इंडोनेशियातल्या पेची, म्हणजे काळ्या आणि उभ्या काठाच्या होत्या.

ही गोष्ट मी माझ्या आजीकडून ऐकली होती आणि आजीने तिच्या आईकडून. ती कोणी सांगितली, हे विचारण्याची गरज मला कधी वाटली नव्हती. आपल्या घरात मात्र सांगणाऱ्याचे नाव घेतल्याशिवाय पुस्तक उघडत नसे, आणि त्यामुळेच पुढच्या दोन वर्षांत गोष्टींइतकेच सुयादी यांचे आयुष्यही आम्हाला आपल्याकडून ऐकायला मिळाले.

त्यांचा जन्म 28 नोव्हेंबर 1932 रोजी पूर्व जावातल्या पुगेर या किनाऱ्यावरच्या गावी झाला. बांडुंगच्या तंत्रज्ञान संस्थेत ते चित्रकला शिकले आणि विद्यार्थिदशेतच मुलांसाठी पुस्तके लिहू व रंगवू लागले. पुढे फ्रान्समध्ये राहून त्यांनी अॅनिमेशनचे शिक्षण घेतले. परदेशी शिकून आलेल्या या चित्रकाराने मोठे नाव मिळवले ते मात्र साध्या हातबाहुल्यांतून. 5 एप्रिल 1981 पासून सरकारी दूरचित्रवाणीवर ‘सी उन्यिल’ ही मालिका सुरू झाली. तिच्या संहिता कुर्नाइन सुहार्दिमान यांच्या होत्या आणि बाहुल्यांना रूप दिले सुयादी यांनी. रविवारी सकाळी आपण भावंडांसह शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीसमोर जागा धरून बसत होता, हे सांगताना आपला आवाज अजूनही बदलतो.

त्या मालिकेतले सुकामाजू गाव मला आपल्या तोंडून ऐकूनच परिचयाचे झाले. डोक्यावर पेची आणि अंगावर आडवी लुंगी घेतलेला शाळकरी उन्यिल, त्याची चिनी वंशाची मैत्रीण मेइलानी, मादुरा बेटावरून आलेली, फळांची चटपटीत कोशिंबीर विकणारी बाई, आणि टपोऱ्या मिशांचे, जावानीज पागोटे घालणारे, चिडखोर व कंजूष पाक रादेन (‘पाक’ म्हणजे आदराने ‘बाबा’). गावात ‘केर्जा बाक्ती’ निघाली की पाक रादेन यांचा संधिवात हमखास उसळत असे. हे दोन शब्द आपण उच्चारलेत तेव्हा मी आपल्याला थांबवले होते, आठवते का? कार्य आणि भक्ती. आम्ही ज्याला श्रमदान म्हणतो, नेमके तेच. त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटले की ही भाषा मला शिकता येईल.

पाक रादेन यांना आवाज स्वतः सुयादी देत असत. पुढे तीच वेशभूषा करून आणि तशाच मिशा लावून ते मुलांसमोर उभे राहू लागले, कागदावर चित्र काढत काढत गोष्ट सांगू लागले, आणि लोक त्यांनाच पाक रादेन म्हणू लागले. आपल्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांना वाट करून देऊन चिल्लर घेणाऱ्या मुलाला सारे ‘पाक ओगाह’ का म्हणतात, हेही आपणच उलगडून सांगितलेत: शंभर रुपिया मिळाल्याशिवाय जागचा न हलणारी ती बाहुली त्याच गावातली. एका बाहुलीचे नाव रस्त्यावरच्या माणसांना कायमचे चिकटावे, याहून मोठी दाद कोणत्या लेखकाला मिळते, मला ठाऊक नाही.

सुयादी यांच्या अखेरच्या वर्षांबद्दल आपण एकदाच बोललात. ते अविवाहित होते; जकार्ताच्या पेतांबुरान भागातल्या लहानशा घरात मांजरांच्या सोबतीने राहत. ज्या बाहुल्या त्यांनी घडवल्या त्यांचे हक्क त्यांच्याकडे नव्हते, आणि 2012 मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना, त्यांनी घराच्या अंगणात गाणी म्हणून लोकांकडून मदत मागितली. 2014 मध्ये हक्कांचा प्रश्न त्यांच्या बाजूने सुटला. 30 ऑक्टोबर 2015 रोजी ते गेले. हे सांगून झाल्यावर आपण पुस्तक मिटून बराच वेळ मांडीवर धरून ठेवले होते. मला त्यावर बोलण्यासारखे काही सुचले नाही, आणि त्याची खंत आजही आहे.

आता आम्ही पुण्याला परतलो आहोत. मुलगी अकरा वर्षांची आहे आणि पुस्तक कोणत्याही भाषेतले असो, लेखकाचे व चित्रकाराचे नाव मोठ्याने वाचूनच ते उघडते. निघताना आपण दिलेले ते टोपीवाल्याचे पुस्तक तिच्या उशाशी असते. आपण दिलेल्या ज्या बळावर तिने पुन्हा बोलायला सुरुवात केली, त्याबद्दल आपले आभार कसे मानावेत हे मला उमगत नाही. तरी ते मनापासून मानते.

एक विनंती आहे. सुयादी यांचा जन्मदिवस इंडोनेशियात राष्ट्रीय कथाकथन दिन म्हणून पाळला जातो. येत्या 28 नोव्हेंबरला आमच्या सोसायटीतल्या मुलांना मी टोपीवाल्याची गोष्ट मराठीत आणि मुलगी इंडोनेशियन भाषेत सांगणार आहे. त्यानंतर पाक रादेन यांचे ओझरते दर्शन घडवावे, असा आमचा बेत आहे. मिशा आम्ही लोकरीच्या केल्या आहेत. संधिवात उसळल्याचे ते कण्हणे मात्र आम्हाला आपल्यासारखे साधत नाही, तेव्हा आपल्या आवाजात ध्वनिमुद्रित करून पाठवावे.

आपली,
पलीकडच्या घरातली, आपल्या भारतीय नातीची आई