निरंक

नागपूर, रविवार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर हा विषय काढला की आई लगेच "बरं बरं, जेवलीस का" वर येते आणि बाबा फोन स्पीकरवर टाकून पेपर चाळत बसतात. म्हणून लिहितेय. बाबांनी मोठ्याने वाचावं आणि आईने मधेच कुकर बघायला उठू नये.

बाबा, तुम्ही पाठवलेला फॉर्मचा फोटो पाहिला. फुफ्फुसाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालेल्या आईला ज्या औषधाच्या ट्रायलमध्ये, म्हणजे चाचणीत, घ्यायचं की नाही ते ठरतंय, त्या ट्रायलच्या मॅडमनी घरून भरून आणायला सांगितलेला तो कागद. अक्षर नेहमीसारखं मोत्याचं. 'पूर्वीचे आजार' या रकान्यात लिहिलंय 'निरंक'. 'चालू औषधे' पुढे 'फक्त बी.पी.ची गोळी'. 'धाप लागते का' पुढे 'नाही'. पंचायत समितीत चौतीस वर्षं निरंक पत्रकं पाठवून हाताला वळण पडलंय, हे समजतं मला. पण हे निरंक खोटं आहे आणि ते तुम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक आहे.

मला दीड वर्षाची असताना आठ महिने आजोळी का ठेवलं होतं, ते मावशीने माझ्याच लग्नात सांगून टाकलं. १९८६ साली आईला क्षय झाला होता. रोज सकाळी सरकारी दवाखान्यात इंजेक्शन, लघवी लाल करणाऱ्या त्या गोळ्या, आणि गावात सांगायला 'न्यूमोनिया'. आजीने ताट-वाटी वेगळी केली होती म्हणे. आई, सगळं बरं होऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझा कान तुटलेला कप तू अजून फडताळात वेगळा ठेवतेस, दुसऱ्या कुणाला त्यात चहा देत नाहीस. मला वाटायचं, तुला तो आवडतो.

लपवून उपयोगही नाही. सीटी स्कॅनवर डाव्या फुफ्फुसाच्या टोकाला जुना डाग आहे, रिपोर्टमध्ये छापून आलाय. तो कशाचा हे तुम्ही सांगितलं नाहीत, तर डॉक्टरांना तर्क करत बसावं लागेल. उद्या स्कॅनमध्ये काही वेगळं दिसलं, तर ते जुनं की नवं, यावरच सगळा निर्णय असतो. पीईटी स्कॅनवर टीबीसुद्धा कॅन्सरसारखा उजळून दिसू शकतो. आपल्याकडच्या डॉक्टरांना हे रोजचं आहे, त्यांना कुणी लाजवणार नाही. आणि सहसा ट्रायलच्या आड येतो तो चालू असलेला संसर्ग. एवढा जुना, पूर्ण बरा झालेला टीबी सांगितला म्हणून दार बंद होईलच असं नाही.

आता बाबांची भीती. 'सांगितलं तर आईला बाद करतील आणि औषध हातचं जाईल.' ऑसिमर्टिनिबची, म्हणजे ट्रायलमधल्या या कॅन्सरच्या गोळीची किंमत तुम्ही कुठून काढलीत माहीत नाही, पण २०२४ च्या बजेटमध्ये सीमाशुल्क माफ केलेल्या कॅन्सरच्या तीन औषधांत हे एक होतं, हे कात्रण तुमच्या फाइलला असणारच. मोह मलाही पडला. पण ट्रायलमध्ये गेलं म्हणजे औषध मिळालंच, असं नसतं. कुणाला खरी गोळी आणि कुणाला प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, हे संगणक चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो. डॉक्टरांनाही कळत नाही. तेव्हा भाऊंच्या ओळखीने नंबर लागतो का बघतो, हे कृपया पुन्हा म्हणू नका. तिथे ओळख चालत नाही, आणि ते बरंच आहे.

मुळात हे तपासून का बघतायत ते सांगते. अडॉरा नावाच्या अभ्यासात ६८२ रुग्ण होते, आईसारखाच ईजीएफआर जनुकात बदल असलेले, ऑपरेशन झालेले. तीन वर्षं ही गोळी घेणाऱ्या गटातले ८८ टक्के पाच वर्षांनी हयात होते, प्लासिबोवाल्यांपैकी ७८ टक्के. हे २०२३ साली जाहीर झालं. पण ते रुग्ण पहिल्या टप्प्यातल्या 'बी'पासून तिसऱ्यातल्या 'ए'पर्यंतचे. आईची गाठ २.२ सेंटीमीटरची, लिम्फ नोड्स, म्हणजे आसपासच्या ग्रंथी, साफ, म्हणजे पहिल्यातला 'ए'. या गटात ऑपरेशनच पुष्कळांना पुरतं, त्यानंतर ठरावीक अंतराने स्कॅन करून लक्ष ठेवतात. त्यांना तीन वर्षं गोळी देऊन आणखी फायदा होतो, की जुलाब, पुरळ आणि नखांचा त्रासच तेवढा पदरी पडतो, हे ट्रायलला शोधायचंय. म्हणजे आई बाद झाली तरी तिचा कुठलाही ठरलेला उपचार बुडत नाही. उजव्या फुफ्फुसाचा वरचा भाग, लोब, काढला, तोच तिचा मुख्य उपचार होता आणि तो झालाय.

बाद करण्याचे नियम काही परीक्षेतल्या पास-नापासासारखे नाहीत. या गोळीने थोड्या लोकांच्या फुफ्फुसाला सूज येते, क्वचित ती जिवावर बेतते. म्हणून आधीपासून फुफ्फुसं कडक होण्याचा आजार असेल तर घेत नाहीत. आणि आई, वरच्या मजल्यावर कपडे वाळत घालायला जाताना तू मधल्या पायरीवर थांबतेस, 'जरा तुळस बघते' म्हणून. त्या जिन्यात तुळस नाहीये. ऑपरेशननंतरची धाप असेल, पण ते डॉक्टरांना ठरवू दे.

गोळी हृदयाच्या ठोक्याची लयही बदलू शकते, त्यासाठी ईसीजी काढून क्यूटी नावाचं एक अंतर मोजतात. आता ती रोज सकाळी उपाशीपोटी घेतेस ती ॲसिडिटीची कॅप्सूल. बाबा, चष्मा लावून पाकिटाच्या मागचं बारीक वाचा, डोमपेरिडोन लिहिलंय का. असेल तर तीही तेच अंतर वाढवू शकते. निम्मा महाराष्ट्र ती शेंगदाण्यासारखी खातो, म्हणून तिला औषध म्हणायचं तुम्हाला सुचलंच नाही. वैद्यबुवांच्या काढ्याची बाटलीही बरोबर घ्या, लेबल नसलं तरी. फक्त वयाची काळजी नको. तुम्हा दोघांचे वाढदिवस गुरुजींनी १ जूनला टाकलेत हे तिथल्या प्रत्येकाला कळेल, त्यांच्या घरीही तसेच असतील.

संमतीपत्र मराठीतून मागा. घाई केली तर सही करू नका, 'मुलगी आल्यावर' म्हणा. मधेच सोडावंसं वाटलं तर कारण न देता सोडता येतं, पुढच्या उपचारावर त्याचा परिणाम होत नाही. ट्रायलमुळे काही इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्याकडे, २०१९ च्या नियमांत तसं आहे. सीटीआरआय या सरकारी नोंदणीतला क्रमांक त्या कागदावर असतो, तो मला फोनवर वाचून दाखवा. मी बघते.

मी मंगळवारी रात्रीच्या गाडीने निघते, बुधवारी दुपारपर्यंत घरी. आई, लोखंडी कपाटात साड्यांखाली एक खाकी पाकीट आहे, त्यात १९८६ चा एक्स-रे आहे हे मावशीनेच सांगितलं. ते काढून ठेव. बाबा, मॅडमना फोन करून मी कोरा फॉर्म मागवलाय. 'पूर्वीचे आजार' आईने स्वतः सांगायचे, तुम्ही लिहायचे. अक्षर तुमचंच हवं, माझं कुणाला लागत नाही.

तुमची,
ताई

ता.क. आई, येताना संत्री आणतेय. पण तुझ्या कपात चहा मीच घेणार.