बर्फावरच्या पार्टीनंतरची परतीची वाट

महोदय,

थंडी जवळ आली की पर्यटन पुरवण्यांत आल्प्समधल्या बर्फावरच्या पार्ट्यांचे लेख यायला लागतात. टेबलावर चढून नाचणारी मंडळी, हातात ग्लास आणि मागे डोंगर, असा फोटो ठरलेलाच. ऑस्ट्रियातली इश्गल आणि सेंट आंटोन, फ्रान्समधलं व्हाल दिझेर ही स्कीच्या गावांची नावं आता पुण्या-मुंबईच्या तरुणांना नवी राहिलेली नाहीत. म्युनिक-झुरिकला नोकरी करणारी आपली मुलं तर शनिवार-रविवारी तिकडे जाऊन येतात. लेखांत क्लबची वर्णनं भरपूर असतात, पण तिथून माणूस खाली कसा येतो याबद्दल चकार शब्द नसतो. खरा धोका नेमका तिथे असतो.

डोंगरावरचे हे क्लब भर दुपारीच सुरू होतात. सेंट आंटोनच्या मूजरविर्ट या क्लबमध्ये साडेतीनच्या सुमारास गाणी लागतात आणि रात्री आठच्या आसपास बंद होतात. ही जागा गावाच्या वर, उतारावरच आहे. व्हाल दिझेरचा ला फोली दूस हा क्लब तर ला दायच्या गोंडोलाच्या, म्हणजे दोरावरून डोंगर चढणाऱ्या बंद पाळण्यांच्या, वरच्या टोकाशी आहे. तिथे गोंडोलाने खाली येता येतं, पण शेवटची गोंडोला कोणाची वाट पाहत नाही. तिची त्या दिवसाची वेळ स्टेशनवरच्या पाटीवर असते. वर जातानाच तिचा फोटो काढून ठेवावा. तिसऱ्या ग्लासानंतर ती आठवत नाही.

स्कीचे उतार साधारण साडेचार-पाचला बंद होतात. गस्तीचं पथक शेवटची फेरी मारून खाली येतं आणि मग बर्फ सपाट करणारी रणगाड्यासारखी यंत्रं वर चढतात. तीव्र चढावर ही यंत्रं पोलादी दोराच्या आधाराने चालतात. दोर वरच्या खुंटाला बांधलेला असतो आणि त्याची लांबी हजार मीटरपर्यंत जाते. यंत्र वळणाआड असलं तर दिसत नाही, बोटाएवढा जाड दोर अंधारात दिसण्याचा प्रश्नच नाही. तो ताणला की बर्फावरून झटक्यात उचलला जातो आणि बाजूला फेकल्यासारखा सरकतो. रात्री बंद उतारावरून खाली येणाऱ्यांचे यात जीव गेले आहेत. म्हणून अंधारानंतर स्कीवरून किंवा चालत उतारावर जाऊच नये. खाली जायचा दुसरा रस्ता किंवा टॅक्सी आहे का, हे क्लबमध्ये शिरतानाच विचारून घ्यावं.

दारूचा हिशेबही कोणी सांगत नाही. अर्ध्या लिटरच्या बिअरच्या मगात सुमारे २० ग्रॅम मद्यार्क असतो. ७० किलोच्या माणसाने तो रिकाम्या पोटी प्यायला तर रक्तात लिटरला ०.४ ग्रॅमच्या आसपास पातळी जाते आणि ती उतरायला तीनएक तास लागतात. बाईमाणसाला किंवा हडकुळ्या मुलाला यापेक्षा जास्त चढते. येगरटी हा गरम चहा त्याहून फसवा. त्यात रम असते आणि साखरेमुळे तिचा कडकपणा जिभेला कळत नाही. इटलीत १ जानेवारी २०२२ पासून नशेत स्की करणं कायद्याने गुन्हा आहे. ०.५ ग्रॅमच्या पुढे गेलात की २५० ते १,००० युरो दंड, ०.८ च्या पुढे फौजदारी. शिवाय दुसऱ्याला इजा झाल्यास भरपाई देणारा विमाही तिथे सक्तीचा आहे. ऑस्ट्रियात अशी ठरीव मर्यादा नाही. पण तुम्ही कोणाला धडकलात तर न्यायालय दारूचा विचार करतंच.

आता कपडे. आत घामाने भिजायला होतं, बाहेर उणे दहा. सुती बनियन ओलं झालं की अंगाची ऊब शोषून घेतं, त्यामुळे आतला थर लोकरीचा किंवा सिंथेटिक हवा आणि एक कोरडा जोड पिशवीत हवा. दारूने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, त्यामुळे गरम वाटतं खरं, पण शरीर उलट लवकर गार होतं. लघवीला म्हणून बाहेर गेलेला आणि बर्फात बसल्याबसल्या झोपलेला माणूस तासाभरात गंभीर होऊ शकतो. ‘येईल मागून’ म्हणून कोणालाही एकटं सोडू नये. मोबाइल आतल्या खिशात ठेवावा, थंडीत बॅटरी भराभर उतरते. तातडीच्या मदतीचा क्रमांक युरोपात ११२, ऑस्ट्रियात डोंगरावरच्या मदतीसाठी १४०.

स्कीच्या बुटांचे बकल नाचताना सैल केलेले असतात. ते तसेच ठेवून निघालं की पाय बुटात हलतो, वळण चुकतं आणि गुडघा जातो. इश्गलने रात्री आठनंतर गावात हे बूट घालून फिरायलाच बंदी केली आहे, ते उत्तम. भाड्याच्या स्की सगळ्या सारख्याच दिसतात. दोन स्की दोन वेगळ्या स्टँडला लावल्या तर चुकून कोणी जोडी उचलत नाही.

दाटीवाटीच्या बुटक्या खोल्यांतल्या हवेबद्दल वेगळं सांगायला नको. इश्गलमधल्या एका बारच्या कर्मचाऱ्याची कोविड चाचणी ७ मार्च २०२० ला पॉझिटिव्ह आली, १३ मार्चला इश्गल ज्यात आहे ते सगळं पाझनाउन खोरं बंद केलं गेलं. एप्रिलमध्ये इन्सब्रुकच्या वैद्यकीय विद्यापीठाने तपासलं तेव्हा गावातल्या ४२ टक्के लोकांत प्रतिपिंडं सापडली.

शेवटी विमा. आपल्याकडच्या बऱ्याच प्रवास विम्यांत स्कीइंग साहसी खेळांत मोडतं, ते जास्तीचे पैसे भरून जोडून घ्यावं लागतं. दारूच्या अमलाखाली झालेला अपघात बहुतेक पॉलिसींत वगळलेला असतो, आणि हेलिकॉप्टरने खाली आणलं तर बिल काही हजार युरोंचं येतं. हे कलम एजंटकडून लेखी मागून घ्यावं. पुरवणीत जागा कमी पडत असेल तर कॉकटेलचा एक फोटो गाळा, पण शेवटच्या गोंडोलाची वेळ आणि हे कलम चौकटीत छापा.

— एक वाचक, म्युनिक