लाल ठिपक्याचा पेला

पंचवटी, नाशिक
रविवार, रात्री

प्रिय दिल्या,

दोन वर्षं ना पत्र ना फोन, म्हणून शिव्या तयारच असतील. राखून ठेव, पुढे लागतील. माझी तब्येत ठीक, बीपीची गोळी तेवढी लागली मागे.

वेदूच्या छातीत पाणी झालं. हो, तुला झालं होतं तेच.

महिन्यापूर्वी म्हणाली, पोट दुखतंय. मंदाने ओवा दिला, मी शाळा बुडवायची थाप म्हणून ओरडलो. संध्याकाळी कणकण, झोपायची उजवी कूस दाबून. मग एक दिवस दुखायचंच थांबलं आणि आम्ही म्हटलं, सुटलो. कसलं काय! फुप्फुसावरची दोन आवरणं एकमेकांवर घासतात तेव्हा दुखतं; मध्ये पाणी भरलं की घासणं थांबतं. इकडे पोरीला गंगेवरच्या चार पायऱ्या चढताना धाप.

डॉक्टरांनी पाठीवर बोटं वाजवली. डावीकडे पोकळ, उजवीकडे बद्द. म्हणाले, ही युक्ती १७६१ साली व्हिएन्नातल्या आउएनब्रुगरने छापली. बाप खानावळवाला, पिंपं वाजवून आत दारू किती ते बघायचा म्हणे. आपल्या नाशकात पिंपांना काय तोटा, पण तू कधी वाजवून बघितलंस?

एक्स-रे, सोनोग्राफी, मग सुई. वेदू टेबलावर ओणवी, समोर मी तिचे हात धरून. करडईच्या तेलासारखं पिवळं पाणी नळीतून आलं तर विचारते, "बाबा, हे मी कधी प्यायले?" सीबीनॅट म्हणजे जंतू शोधायची तपासणी, तिच्यात टीबीचा जंतू सापडला नाही, या पाण्यात तो फार थोडा असतो म्हणे. पण पाण्यात पेशी आणि एडीए नावाचं एन्झाइम वाढलेलं, म्हणजे टीबीच. दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन, सगळं वजनावर. तुझ्यासारखी इंजेक्शनं नाहीत. शू केशरी होते. पहिल्या दिवशी शेजारच्या पोरांना दाखवायला निघाली होती. मंदाने दार लावून घेतलं. मीही काही बोललो नाही.

हिच्याकडून सहसा कुणाला होत नाही, डॉक्टर म्हणाले, हिला मोठ्या माणसाकडून आलं. घरात खोकतं कोण?

आई. तीन महिने "धुळीचा आहे" म्हणत होती. बेडका पॉझिटिव्ह.

सहावीतला तुझा पेला आठवतो? आमच्या फळीवर वेगळा, बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. तुझ्या डब्यातलं खाणं मी बंद केलं आणि दात दुखतो म्हणून सांगितलं. नंतर बॅटवरून तू माझं नाक फोडलंस, ते बॅटसाठी नव्हतं हे मला तेव्हाच कळलं होतं. बॅट मात्र माझीच होती.

परवा पहाटे स्वयंपाकघरात गेलो तर आई पेला उपडा धरून त्याला ठिपका लावत बसलेली. मंदाची बाटली. हात थरथरून रंग अंगठ्यावर ओघळलेला. म्हटलं, अगं, भांड्यांतून होत नाही, खोकल्यातून होतो; मास्क लाव, खिडकी उघडी ठेव, गोळ्या चुकवू नको. तिचं भलतंच. "दिल्याला कळवू नकोस." मग बऱ्याच वेळाने, "त्याचा पेला मी किती दिवस वेगळा ठेवला होता रे?"

मला सांगता येईना. तुला आठवत असेल.

तुझी बदली रद्द झाली का? वहिनींचा गुडघा? ओंकारचा निकाल लागला असेलच, कळव.

आई दुपारी जेवून पडते, पण झोपत नाही. फोन उशाशीच असतो. मी सांगितलं म्हणू नकोस.

तुझा,
नंदू