रात्रपाळीच्या वॉचमनकाकांस जाहीर आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

आपल्या फाटकापाशी राहणारा शेरू हा कुत्रा आता धोक्याबाहेर असल्याचे डॉक्टरांनी शेवटच्या रक्ततपासणीनंतर सांगितले, म्हणून हे पत्र लिहीत आहे. डॉक्टरांचे आभार सोसायटीने त्यांच्या दवाखान्यात जाऊन मानले. परंतु गोचिडीतून होणाऱ्या या आजारात औषधाची चिठ्ठी लिहिली जाणे ही केवळ सुरुवात असते. ती चिठ्ठी शेवटच्या गोळीपर्यंत पाळणे हे खरे कष्टाचे काम, आणि ते तुम्ही केले. चेंबूरमध्ये गल्लीतल्या कुत्र्यांना खाऊ घालणारी माणसे पुष्कळ आहेत, त्यांच्याही उपयोगी पडावे म्हणून हे आभार जाहीरपणे मानत आहे.

शेरूने अन्नाला तोंड लावणे सोडले तेव्हा आमच्यापैकी बहुतेकांनी उकाड्याला दोष दिला होता. तुम्ही मात्र त्याचा ओठ वर करून हिरड्या पाहिल्या आणि त्या पांढुरक्या पडल्याचे दाखवले. कानाच्या आतल्या बाजूला व पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिकटलेल्या गोचिडी दाखवल्या. आणि नाकपुडीशी रक्त दिसताच, गावाकडे गुरांना गोचिडीचा ताप येतो तसेच हे दिसते आहे, असे सांगून त्याला त्याच सकाळी दवाखान्यात न्यायला लावले. त्या घाईचे महत्त्व रक्ताचा अहवाल आल्यावर समजले. कुत्र्याच्या रक्तात एका मायक्रोलिटरमागे साधारण 2 लाख ते 5 लाख प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, असाव्या लागतात. शेरूच्या 40 हजारांच्याही खाली गेल्या होत्या.

एर्लिकिया कॅनिस या जिवाणूची ही करामत. त्याची प्रथम नोंद 1935 मध्ये अल्जीरियात झाली, आणि पुढे व्हिएतनाम युद्धात अमेरिकी सैन्याची अनेक कुत्री, विशेषतः जर्मन शेफर्ड, याच आजाराने दगावली. कुत्र्यांवर आढळणारी तपकिरी गोचीड तो पसरवते. मुंबईत कडाक्याची थंडी पडत नसल्याने या गोचिडीला वर्षभर मोकळे रान असते.

त्या सकाळी एका शेजाऱ्यांनी घरात उरलेल्या अमॉक्सिसिलीनच्या गोळ्या चांगल्या हेतूने देऊ केल्या होत्या. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही द्यायचे नाही, या तुमच्या आग्रहामुळे त्या परत गेल्या आणि मोलाचा वेळ वाचला. पेनिसिलीनच्या कुळातील औषधे जिवाणूच्या पेशीभोवतीच्या भिंतीवर घाव घालतात. एर्लिकियाला त्या प्रकारची भिंतच नसते. शिवाय तो रक्तातील पांढऱ्या पेशींच्या आत दडून राहतो. डॉक्टरांनी लिहून दिलेले डॉक्सिसायक्लिन मात्र पेशीच्या आतपर्यंत पोहोचते आणि जिवाणूची प्रथिने तयार होण्याचे काम थांबवते. पाकीट हातात घेताच, ही तर लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) गोळी, असे तुम्ही म्हणालात ते बरोबरच होते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत आलेल्या माणसांना महापालिकेचे दवाखाने जी गोळी देतात तीच ही. फरक इतकाच की शेरूला ती सलग 28 दिवस द्यायची होती.

डोस वजनावर ठरतो, दर किलोमागे दिवसाला 10 मिलिग्रॅम. शेरूचे वजन 20 किलो भरले, म्हणून 100 मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी आणि एक रात्री. (वाचकांनी हे गणित आपल्या कुत्र्यावर परस्पर लावू नये, पिल्ले, गाभण कुत्री आणि यकृताचा त्रास असलेली कुत्री यांच्या बाबतीत डॉक्टर वेगळा विचार करतात.) ही गोळी रिकाम्या पोटी दिली तर उलटी होते आणि अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते, म्हणून तुम्ही ती आधी थोडे जेवण झाल्यावर भाताच्या घट्ट गोळ्यात घालून देत होता आणि नंतर पाणी पाजत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी मायेने दुधाची वाटी घेऊन खाली आल्या, तेव्हा दुधातल्या कॅल्शियममुळे हे औषध अंगी कमी लागते हे तुम्ही त्यांना इतक्या आदराने समजावले, की दुसऱ्या दिवसापासून त्या भात घेऊन येऊ लागल्या. पाहुण्यांच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर तुम्ही प्रत्येक गोळीची वेळ लिहीत होता, आणि सकाळी ड्युटी बदलताना ते पान दिवसपाळीच्या सहकाऱ्यास दाखवल्याशिवाय घरी जात नव्हता. दवाखान्यात दाखल झालेल्या रुग्णाचीही याहून काटेकोर नोंद होत असेल असे मला वाटत नाही.

मला सर्वांत अधिक आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या दिवसांसाठी. डॉक्सिसायक्लिन सुरू झाल्यावर नव्या आजारात दोन-तीन दिवसांतच ताप उतरतो आणि भूक परत येते; शेरूही लवकरच दुधाच्या गाडीमागे धावू लागला. इतका ठणठणीत दिसणाऱ्या कुत्र्याला आणखी तीन आठवडे गोळ्या कशाला, असा प्रश्न सोसायटीच्या बैठकीत खर्चाच्या निमित्ताने उपस्थित झाला, आणि तो अगदीच गैरवाजवी होता असेही नाही. परंतु हे औषध जिवाणूची वाढ रोखते. उरलेले जिवाणू निपटायला शरीराला अवधी लागतो. उपचार अर्धवट सुटले तर जिवाणू प्लीहेत आणि अस्थिमज्जेत (हाडांच्या आतल्या मगजात) लपून राहू शकतात, कुत्रा कित्येक महिने, क्वचित काही वर्षेही, वरून निरोगी दिसतो आणि नंतर अस्थिमज्जेचे रक्त तयार करण्याचे कामच मंदावते. त्या अवस्थेत गेलेल्या कुत्र्यांपैकी अनेक वाचत नाहीत. तुम्ही बैठकीत एवढेच म्हणालात की डॉक्टरांनी लिहिलेले संपेपर्यंत गोळी चालणार, पैसे कमी पडले तर माझ्या पगारातून कापा. त्यानंतर कोणी काही बोलले नाही आणि पगारातून काही कापलेही गेले नाही, ही गोष्ट सोसायटीच्या वतीने नमूद करणे मी माझे कर्तव्य समजते.

गोचिडीच्या बंदोबस्ताचे श्रेयही तुमचेच. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्याच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत हजारो अंडी घालते, त्यामुळे केवळ कुत्र्याच्या अंगावरच्या गोचिडी काढून भागत नाही. मीटरच्या खोलीमागील भेगा आणि तुमच्या केबिनची लाकडी चौकट तुम्हीच पेस्ट कंट्रोलच्या माणसाला दाखवलीत. मुलांना हा आजार होईल या भीतीने काही पालक शेरूला हलवण्याची मागणी करत होते, त्यांनाही तुम्ही डॉक्टरांकडे पाठवलेत. कुत्र्याला हात लावल्याने तो पसरत नाही, हे पालकांना डॉक्टरांकडूनच ऐकायला मिळाले आणि तो विषय संपला.

गेल्या आठवड्यात अँटिबॉडीची, म्हणजे जिवाणूविरुद्ध शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांची, चाचणी पुन्हा पॉझिटिव्ह आल्याचे ऐकून तुमचा चेहरा उतरला होता, म्हणून डॉक्टरांचे म्हणणे येथे लिहून ठेवते. ही चाचणी बरे झाल्यावरही अनेक महिने तशीच येऊ शकते. उपचार लागू पडले की नाही हे प्लेटलेटवरून पाहायचे, आणि त्या आता 2 लाखांच्या वर आहेत. रक्ताच्या काचेवर बॅबेशिया हा रक्तपेशींतला परजीवीही दिसला नाही. तोही गोचिडीतूनच येतो, परंतु तो जिवाणू नसल्याने त्याला निराळे औषध लागते, एवढ्यासाठी ती तपासणी केली होती.

या आजारावर लस उपलब्ध नाही आणि एकदा बरा झालेला कुत्रा पुन्हा आजारी पडू शकतो. त्यामुळे गोचीड प्रतिबंधाची गोळी शेरूला दरमहा द्यावी आणि तिचा खर्च सोसायटीने करावा, असा ठराव बैठकीत एकमताने मंजूर झाला आहे. पहिली गोळी कार्यालयाच्या कपाटात तुमच्या नावाने ठेवली आहे. नोंदवहीची पाने भरत आली आहेत असे तुम्ही म्हणाला होता, म्हणून सोबत एक नवी वहीही ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
सचिव, गृहनिर्माण सोसायटी
चेंबूर, मुंबई